बोर्ड नसलेलं मटणाचं दुकान आणि भाच्याचं हरणपुराण

रिव्ह्यू सोलापुरातल्या मटणाच्या दुकानाचा आहे पण सुरुवात अमेरिकेपासून करावी लागतीय, इलाज नाही, कारण सगळं तिथूनच चालू झालं. माझा भाचा विस्कॉन्सिनला असतो. नोव्हेंबरात तिकडं नऊ दिवस बंदुकीनं हरण मारायचा सीझन असतो, रीतसर लायसन काढून जातात लोक, आणि ह्याच्या शेजाऱ्यानं एक हरण मारून आणलं त्यातली दोन पाकिटं ह्याला दिली. रविवारी व्हिडिओ कॉलवर गडी नुसता सुटला. मामा, असलं मटण आपल्याकडं नाहीच, फॅट जवळपास शून्य, प्रोटीन चिकनपेक्षा जास्त, आयर्न तर विचारूच नका, तुम्ही लोक तिकडं बकरं खाऊन कोलेस्टेरॉल वाढवून घेता वगैरे वगैरे. आम्ही कडक भाकरी मोडत ऐकून घेतलं.

एरवी सोडून दिलं असतं पण नेमका त्याच आठवड्यात घरात दोन रिपोर्ट आले होते. बायकोचं हिमोग्लोबिन ९.४ आणि माझं कोलेस्टेरॉल जिथं असायला नको तिथं. डॉक्टरांनी बायकोला गोळ्या दिल्या आणि म्हणाले मटण खाता ना, मग खा, आठवड्यातून एकदा दोनदा, पण चरबी काढून. मला म्हणाले तुम्ही पण चरबी काढून, आणि रस्सा कमी. रस्सा कमी हे सोलापूरच्या माणसाला सांगायचं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी कमी वापर म्हणण्यासारखं आहे, पण ते पुढं येईल.

तर हरणाचं डोक्यात बसलं. ऑफिसात विषय निघाला आणि एकानं कानाला लागून सांगितलं, साहेब, पाहिजे असलं तर सांगा, हरणाचं मिळतंय, दोन हजार रुपये किलो, एकजण आणून देतो. मी ताबडतोब नाही म्हणलं हे इथं लिहून ठेवतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, काळवीट त्यात पहिल्या शेड्यूलमध्ये येतं, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, आणि शिक्षा कमीत कमी तीन वर्षं ते सात वर्षं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही कमीत कमी पंचवीस हजार. नुसतं मारणाराच नाही, त्याचं मांस ज्याच्याकडं सापडेल तोही अडकतो. हिमोग्लोबिन वाढवायला जाऊन कोर्टाच्या चकरा कोण मारणार.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझ्याच्यानं झालं नसतं. बार्शी रोडनं सकाळी लवकर गेलात तर नान्नजच्या आसपास काळविटांचे कळप दिसतात, माळढोक पक्ष्यासाठी १९७९ ला अभयारण्य झालं ते, माळढोक आता दिसणं मुश्कील पण काळवीट भरपूर. नर काळाकुट्ट, पोट पांढरं, पिळाची शिंगं, ज्वारीतनं उड्या मारत जातो तेव्हा बाईक आपोआप थांबते. तिथले शेतकरी मात्र वैतागलेले असतात, त्यांचं कोवळं पीक खाऊन जातात ना, त्यांना आपलं हे कौतुक सांगायला जाऊ नका.

आता दुकान. दुकानाला नाव नाही. म्हणजे बोर्डच नाही, आत भिंतीवर लायसन फ्रेम करून लावलंय तेवढंच, पेठेतले सगळे नुसतं "मामाकडनं आण" म्हणतात. मामा म्हणजे दुकानवाले, त्यांच्या वडलांपासून आमच्या घरात तिथलंच येतंय. मी जाऊन मामांना भाच्याचं सगळं सांगितलं, ऑफिसातल्या ऑफरचं पण सांगितलं. मामा सुरी घासत होते, मान वर न करता म्हणाले, "मालक, जो हरणाचं म्हणून विकलालाय तो एकतर जेलात जाणार, न्हायतर तुमाला आमचंच बकरं दोन हजारानं विकलालाय. दोन्हीकडनं मरण तुमचंच हाय की." मग सुरी ठेवून म्हणाले, "तुमाला काय पायजे ते सांगा, हरीण कशाला, बिनचरबीचं पायजे ना? फरा देतो साफ करून."

फरा म्हणजे मागच्या पायाची मांडी. हे वाक्य डोक्यात राहिलं म्हणून रात्री बसून आकडे काढले. अमेरिकेच्या शेतीखात्याचा तक्ता आहे, त्यात हरीण पण आहे आणि बोकड पण आहे. शंभर ग्रॅम कच्च्या मांसामागं हरणात १२० कॅलरी, बोकडात १०९. प्रोटीन हरणात २३ ग्रॅमच्या जवळ, बोकडात साडेवीस. फॅट हरणात २.४ ग्रॅम, बोकडात २.३. कोलेस्टेरॉल हरणात ८५ मिलीग्रॅम आणि बोकडात ५७! मी दोनदा बघितलं, वाटलं कॉलम चुकला. नाही चुकला. आयर्नमध्ये हरीण पुढं, ३.४ आणि आपलं २.८, बी१२ मध्ये तर हरीण बरंच पुढं, सहाच्या वर आणि आपलं एकच्या थोडं वर, मायक्रोग्रॅममध्ये. पण झिंक बोकडात ४ आणि हरणात २. म्हणजे हिशोब केला तर उन्नीस बीस. भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर त्यानं अंगठा पाठवला, नुसता अंगठा.

त्याची एकदम चूक होती असंही नाही. तिकडं त्याची तुलना बीफशी आणि मेंढीच्या कोकराशी असते, त्यांच्या मांसात चरबी धाग्याधाग्यातनं पसरलेली असते, त्यापुढं हरीण खरंच हलकं. आपल्याकडं त्यानं बकऱ्याला त्याच रांगेत बसवलं तिथं गणित बिघडलं. बकऱ्याची चरबी जास्त करून पोटात साठते, गुर्द्याभोवती, आतड्याभोवती, मांसात कमी. मामांना हे कुठल्या तक्त्याची गरज न लागता माहीत आहे, त्यांनी मला उलटं टांगलेलं धड दाखवलं, गुर्दा चरबीच्या गोळ्यात पांढरा दडलेला आणि फरा बघितला तर लालभडक, वर एक पातळ पापुद्रा. "हे बगा, पैशेवाला माणूस पैसे पोटाला बांधून फिरतो तसं हाय ह्याचं" असं म्हणाले. त्यांच्याकडं माल बहुतेक उस्मानाबादी असतो, काळ्या रंगाची शेळी, धाराशिव लातूरकडची आणि आपल्या जिल्ह्यातली पण, दुष्काळात बाभळीच्या शेंगांवर काढणारी जात. सांगोल्याच्या बाजारातनं पण आणतात. रानात हिंडून चरलेलं जनावर आणि जागेवर बांधून खुराक घातलेलं जनावर ह्यात फरक पडतोच, हिंडलेल्याचं मांस जरा कडक पण चरबी कमी.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, वरचा २.३ ग्रॅमचा आकडा नुसत्या मांसाचा आहे, चरबी काढलेल्या. तुम्ही दुकानात जाऊन "अर्धा किलो मिक्स द्या" म्हणलात तर त्यात चाप (बरगडीचं) येणार, सीना (छातीचं) येणार, चरबीचे दोन तुकडे "चवीला" म्हणून येणार, आणि मग तो तक्ता घरी फ्रिजवर चिकटवून काही उपयोग नाही. म्हणून दुकान कुठलं हे महत्त्वाचं होतं. मी मधे दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो, चकाचक, काचेचं कपाट, एसी, नाव घेत नाही, तिथं चरबी काढून द्या म्हणलं तर काढली, पण आधी वजन करून मग काढली. दीडशे ग्रॅम चरबीचे पैसे मटणाच्या भावानं दिले आणि ती चरबी त्यांच्याच टोपलीत राहिली. वर हसून थँक्यू सर.

मामा वजन नंतर करतात. फरा उतरवतात, वरचा पापुद्रा सुरीच्या टोकानं ओढून काढतात, सांध्याजवळची पिवळी गाठ काढून टाकतात, मग तराजूत. त्याचे किलोला चाळीस रुपये जास्त घेतात, सध्या साधं ७४० आणि साफ केलेलं ७८०, आणि ते आधीच सांगतात. मला हा व्यवहार मान्य आहे. खिमा पाहिजे असेल तर तो पण फऱ्याचाच, मशीनवर नाही, दोन सुऱ्यांनी ठोकून, अर्ध्या किलोला दहा मिनिटं लागतात आणि ते दहा मिनिटं बघण्यासारखे असतात. (खिम्याच्या उंड्यांना, म्हणजे गोळ्यांना, तो हाताचाच लागतो, मशीनच्या खिम्याचे उंडे रश्श्यात फुटतात, हे आईचं मत, मी फक्त पोचवतोय.)

बायकोसाठी मामांनी स्वतःहून काळीज, म्हणजे कलेजी, सुचवलं. काळजात आयर्न मांसाच्या कितीतरी पुढं, मेंढीच्या काळजाचा आकडा मी बघितला तो शंभर ग्रॅमला ७ मिलीग्रॅमच्या वर होता. पण व्हिटॅमिन ए पण प्रचंड असतं म्हणून गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काळजाच्या नादी लागू नये, आणि कोलेस्टेरॉलवाल्यांनी म्हणजे मी फक्त वास घ्यावा. आठवड्यातून एकदा शंभर ग्रॅम, तव्यावर लसूण मिरी टाकून, वर लिंबू. आयर्नचं असं आहे की पालकात पण शंभर ग्रॅमला २.७ च्या आसपास असतं, आकडा बघितला तर मटणाच्या बरोबरीचा, पण मांसातलं लोह अंगाला चांगलं लागतं, पालकातलं बरंचसं तसंच जातं. आणि जेवल्यावर लगेच चहा नको, चहानं लोह अडतं, पालेभाजीतलं तर जास्तच. आमच्यात मटणावर चहा प्यायची पद्धत नव्हती पण दुपारी तीनला कप लागायचाच, तो आता पाचवर गेलाय, घरातला सगळ्यात मोठा त्याग हाच.

शिजवायचं म्हणाल तर इथं हरीण आणि फरा दोघं भाऊ भाऊ आहेत. भाच्यानं पहिलं पाकीट कुकरला आपल्या पद्धतीनं सात शिट्ट्या करून लावलं आणि चपलेचा तळ खाल्ला, तो कबूल करत नाही पण त्याची बायको बोलली. चरबीच नाही तर मऊ कोण ठेवणार. तिकडं पाठीचा तुकडा पटकन भाजून आतनं गुलाबी ठेवून खातात आणि मांडी बिंडी मंद आचेवर तासन् तास ठेवतात, खिमा मात्र पूर्ण शिजवायचा, ७१ डिग्री सेल्सिअसपर्यंत. आमच्याकडं पण पहिल्या आठवड्यात साफ केलेला फरा कोरडा लागला, सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मामांना सांगितलं तर म्हणाले सकाळी कापलेलं सकाळीच कशाला शिजवलालाव, मीठ हळद दही लावून रात्रभर फ्रिजात ठेवा. ठेवलं. फरक पडला. ताजं ताजं म्हणून आपण सहा वाजता दुकानात उभं राहतो आणि आठला शिजवतो, तेव्हा मांस आखडलेलं असतं, थोडा वेळ दिला की सैल पडतं. आता कुकर नाही, जाड बुडाच्या पातेल्यात दीड तास, वर ताटात पाणी ठेवून.

आता रस्सा. इथं माझं मन दुखावलं गेलं. आम्ही अर्धा किलो करतो, हाडं वजा जाता मांस साडेतीनशे ग्रॅम धरा. त्यात फॅट आठ ग्रॅम. बरं का, आठ. आता फोडणीला तेल, आमच्याकडं चार मोठे चमचे तरी, त्याशिवाय तर्री येत नाही, ते झालं छप्पन ग्रॅम. मग शेंगाचं कूट, सोलापुरात कुटाशिवाय रस्सा म्हणजे गुन्हाच, अर्धी वाटी म्हणजे पन्नास ग्रॅम धरलं तर त्यात पंचवीस ग्रॅम तेल. झाले ऐंशीच्या वर. म्हणजे मटणात जेवढं फॅट त्याच्या दसपट आम्ही वरनं ओततोय आणि नाव बकऱ्याचं घेतोय! एवढी वर्षं ते बिचारं बदनाम झालं. विस्कॉन्सिनहून हरीण आणून त्याचा असा रस्सा केला असता तरी डॉक्टर तेच म्हणाले असते.

मग तडजोड काय केली, आळणी वेगळी काढतो, हळद मीठ आलं लसणात शिजवलेलं पाणी, ते वाटीभर आधी प्यायचं, आणि मटण काळ्या मसाल्यात दीड चमचा तेलावर सुकं. कूट दोन चमचे, त्यावर आई अडून बसली आणि मी पण फार ताणलं नाही. मालदांडी ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. रविवारी एवढंच, आणि बुधवारी खिमा झाला तर झाला. लाल मांस म्हणलं की आठवड्याला शिजवलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवा असं कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक संस्था सांगतात, आणि त्यात हरीण पण आलं, बोकड पण आलं, लीन आहे म्हणून सुटका नाही. युरिक ॲसिडवाल्यांनी तर आणखी जपून.

भाच्याच्या हरणाला आणखी दोन भानगडी आहेत ज्या त्यानं मला नंतर हळूच सांगितल्या. एक म्हणजे गोळी शिशाची असेल तर तिचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूला लांबपर्यंत पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून लहान मुलांना देताना विचार करतात. दुसरी, तिकडच्या हरणांत मेंदूचा एक रोग आहे, हरीण वाळत वाळत मरतं, माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही पण काही भागात तपासणी करून मगच खा असं सरकार सांगतं. आणि जंगलातलं मारलेलं हरीण तिकडं पण विकता येत नाही, हॉटेलात मिळतं ते फार्मवरचं, त्यातलं बरंचसं न्यूझीलंडहून आलेलं. म्हणजे त्याचं "नॅचरल नॅचरल" जे चाललेलं होतं ते शेजाऱ्याच्या मेहरबानीवर, दुकानातनं नाही.

मामांच्या दुकानाच्या तक्रारी पण लिहितो नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. रविवारी सात ते दहा उभं राहायला जागा नसते, गाडी लावायला तर विसराच, लांब लावून चालत या. रांग नावाचा प्रकार नाही, जो मोठ्यानं ओरडेल त्याचा नंबर, मला ओरडता येत नाही म्हणून मी पाऊण तास थांबलेलो आहे. लाकडी ठोकळा जुना झालाय, एकदा खिम्यात बारीक लाकडाचा तुकडा आला, दाखवला तर मामांनी काही न बोलता पाव किलो फुकट दिलं पण ठोकळा अजून तोच आहे. पिशवी काळी पातळ, घरचा डबा न्या. दुकानात जाळी लावलीय पण दारात माशा असतातच, दुपारी बारानंतर तर मी घेतच नाही, उन्हाळ्यात सोलापूरचा बारा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आणि मुलाला दुकानावर बसवलं असेल तर परत या, तो फरा म्हणून दस्त, म्हणजे पुढचा पाय, देतो आणि वर म्हणतो एकच आहे काका. एक नाही.

सोमवारी बंद, गुरुवारी शनिवारी गिऱ्हाईक कमी म्हणून एकच जनावर कापतात, त्या दिवशी फरा सकाळी सकाळीच संपतो. श्रावणात जाऊ नका, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पण आमच्या घरातनं कोणी जात नाही.

तीन महिन्यांनी बायकोचं हिमोग्लोबिन १०.९ आलं. मटणानं आलं असं मी म्हणणार नाही, गोळ्या चालूच होत्या, मामा मात्र पूर्ण श्रेय घेऊन बसलेत. माझं कोलेस्टेरॉल थोडं खाली आलंय आणि ते बहुतेक तेल कमी केल्यामुळं, त्यात मामांचा संबंध नाही, तर्रीच्या वाटीचा आहे. स्टार द्यायचे तर पाचपैकी चार, एक त्या ठोकळ्याचा कापला.

आणि एक झालं. ते आकडे मी मामांना कागदावर लिहून दिले होते, हरीण एका बाजूला बोकड एका बाजूला. पुढच्या रविवारी गेलो तर दुकानाला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाटी लागलेली, खडूनं मोठ्या अक्षरात, "हरणासारखं मटण मिळेल". लोक थांबून थांबून वाचत होते. म्हणलं मामा, आधी ते पुसा, वनखात्याचा माणूस मटण घ्यायला आला तर काय सांगणार. त्यांनी ओल्या फडक्यानं अर्धंच पुसलं. आता पाटीवर "मटण मिळेल" एवढंच आहे आणि खाली बारीक, फरा साफ ७८०.